अजगराची भूक आणि पाळणाऱ्याची घाई



अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सापांच्या एका प्रदर्शनात 'बेबी' नावाची बर्मी अजगराची मादी होती. पाळीव सापांमधला सर्वांत वजनदार साप म्हणून तिची नोंद झाली. वजन १८२ किलोंहून थोडे जास्त, आणि लांबी सांगितली जात असे ती सव्वाआठ मीटर. ती मेल्यावर कोणीतरी नीट माप घेतले, तेव्हा ती ५.७४ मीटर भरली. २०१२ साली ही दुरुस्ती छापून आली, तेव्हा तिच्या जोडीला पिट्सबर्गच्या प्राणिसंग्रहालयातला 'कोलोसस' हा जाळीदार अजगरही होता. साडेआठ मीटरांहून लांब म्हणून पुस्तकापुस्तकांतून गाजलेला हा साप प्रत्यक्षात ६.३५ मीटरांचा निघाला. लांबीच्या बाबतीत माणसाची जीभ सैल सुटते हे आपल्याला नवे नाही. मला बेबीचे वजन अधिक विचार करायला लावते, कारण वजन काट्यावर होते आणि ते खरे होते. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या बिग सायप्रसच्या दलदलीत याच जातीची ५.८ मीटरांची मादी पकडली गेली. तिथे मोजलेल्या बर्मी अजगरांत ती सर्वांत लांब ठरली, आणि तिचे वजन होते सुमारे ५७ किलो. एकच जात, जवळपास एकच लांबी, आणि वजनात तिपटीहून अधिक फरक. कोणी म्हणेल की मोकळ्यावरचे सगळेच काही इतके सडपातळ नसतात. खरे आहे. त्याच फ्लोरिडात सापडलेली सर्वांत जड मादी ९८ किलोंची होती. पण तिच्या पोटात १२२ अंडी तयार होत होती. तो भार जमेस धरूनही ती बेबीच्या निम्म्याच्या आसपास भरते.

मधले हे सव्वाशे किलो कुठून आले, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. ते अजगराच्या भुकेतून आले असे म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेक पाळणारे तसेच म्हणतात: त्याने मागितले, आम्ही दिले. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पाळलेल्या अजगराची आणि बोआसारख्या विळखा घालणाऱ्या सापाची वाढ हा त्याच्या भुकेचा परिणाम नसतो, तो पाळणाऱ्याच्या निर्णयाचा परिणाम असतो. या प्राण्यांचे शरीर दीर्घ उपासासाठी घडलेले आहे. त्याला वारंवार खाऊ घालणे ही माया समजली जाते, आणि त्याची वाढ हे पाळणाऱ्याच्या मायेचे माप ठरते. हे माप चुकीचे आहे, आणि त्याची किंमत आधी साप मोजतो, मग आजूबाजूचे जंगल मोजते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बॉल पायथन हे आफ्रिकी अजगर आणि बोआ पाळणारी घरे आता आहेत, बँकॉकहून उतरलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून जिवंत साप जप्त झाल्याच्या बातम्या येत असतात. त्यामुळे हा विषय परदेशी हौसेचा म्हणून बाजूला सारण्याचे दिवस गेले.

आधी शरीराकडे पाहू. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ स्टीफन सेकोर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरावर प्रयोग केले. उपाशी अजगराला उंदीर खाऊ घालायचा आणि पुढचे काही दिवस त्याच्या प्राणवायूच्या वापरावर, आतड्यावर, इतर अवयवांवर लक्ष ठेवायचे. स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढे भक्ष्य गिळले की अजगराचा चयापचय विश्रांतीच्या पातळीपेक्षा सतरा पटींपर्यंत चढतो, आणि स्वतःच्या वजनाएवढे गिळले तर चव्वेचाळीस पटींपर्यंत. छोट्या आतड्याचे वजन एका दिवसात जवळपास दुप्पट होते. त्याच्या आतल्या पृष्ठभागावरचे, अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म तंतू सुमारे पाचपट लांब होतात. यकृत आणि मूत्रपिंडे वाढतात. जठराची गोष्ट तर अधिक नवलाची. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतेच, आतला रस पाण्यासारखा उदासीन असतो. खाल्ल्यानंतर दिवस-दोन दिवसांत तो इतका आम्लधर्मी होतो की अख्खा उंदीर हाडांसकट विरघळायला लागतो. जेवण संपले, आतडे रिकामे झाले, की ही सगळी यंत्रणा पुन्हा आवरून ठेवली जाते. एकट्या माणसाने रोज चूल पेटती ठेवू नये, पाहुणा आला तेव्हाच पेटवावी, तसा हा हिशेब आहे. हृदयही दोन दिवसांत चाळीस टक्क्यांनी जड होते असा निष्कर्ष २००५ साली छापून आला आणि फार गाजला. पुढच्या काही प्रयोगांत तो आकडा तसा मिळाला नाही, म्हणून त्याच्यावर मी माझ्या म्हणण्याचा भार टाकत नाही. आतड्याचा आणि जठराचा पुरावा पुरेसा भक्कम आहे.

या पुराव्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. रोज खाणाऱ्या प्राण्याला आतडे सतत सज्ज ठेवावे लागते. त्याचा खर्च त्याला परवडतो, कारण पुढचे जेवण जवळ असते. जे साप दिवसभर हिंडून वारंवार शिकार करतात, त्यांच्या आतड्यात अशी मोठी चढउतार दिसत नाही. दबा धरून बसणाऱ्या अजगराला पुढचे जेवण कधी येईल याची खात्री नसते. म्हणून त्याने आतडे मिटवून ठेवण्याची युक्ती साधली आहे, आणि प्रत्येक जेवणाला ते नव्याने उभे करण्याचा खर्च पत्करला आहे. जेवणातून मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा ते जेवण पचवण्यातच जातो. म्हणजे उपास ही या प्राण्याच्या आयुष्यातली आपत्ती नसून त्याच्या शरीररचनेचे ते गृहीत आहे. ज्या शरीराने उपास गृहीत धरला आहे, त्याला दर चार दिवसांनी उंदीर देत राहिले, तर आवराआवर करायची वेळच त्याच्यावर येत नाही. खर्च मात्र तो फारसा करत नाही. थंड रक्ताचा प्राणी, शरीर तापवण्याची त्याला गरज नाही, विश्रांतीतला त्याचा चयापचय त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो, आणि पेटीत तर चार पावलांएवढ्या जागेत त्याला सरपटायचे असते. मग आलेली ऊर्जा जाणार कुठे? थोडी लांबीत जाते, उरलेली चरबीत.

उपास तो किती सोसतो, याचे एक उत्तर आर्कान्सास विद्यापीठातल्या मार्शल मॅक्यू यांच्या २००७ च्या अभ्यासात आहे. बॉल पायथन, अमेरिकेतला एक उंदीरखाऊ साप आणि एक घुंगुरवाला साप, अशा तीन जातींचे साप त्यांनी १६८ दिवसांपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने, उपाशी ठेवले. सापांचे वजन ९ ते २४ टक्क्यांनी घटले. काहींनी विश्रांतीतला ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. आणि या काळात त्यांची लांबी वाढतच राहिली. ही शेवटची गोष्ट थक्क करणारी आहे. बाहेरून काही येत नसताना शरीर साठ्यातले द्रव्य काढून कण्याच्या लांबीत घालत होते. जंगलात लांबी म्हणजे मोठे तोंड, मोठे तोंड म्हणजे मोठे भक्ष्य, हा त्यामागचा तर्क असावा. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते तेव्हाही तिच्यात हीच क्षमता दिसते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात केलेल्या आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत अशी मादी स्नायू ठराविक लयीत आखडत होती आणि त्या कष्टातून अंडी आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम ठेवत होती. अंडी फुटेपर्यंतचे दोन महिने ती साधारणपणे काही खात नाही. ज्या काळात तिचा खर्च सर्वांत जास्त, त्याच काळात ती उपाशी असते.

आता खाण्याची क्रिया जवळून पाहू, कारण पाळणाऱ्याचा गैरसमज तिथूनच सुरू होतो. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवून मऊ केलेला असतो, मग गरम पाण्यात धरून जिवंत उंदराएवढा उबदार केलेला असतो, आणि लांब चिमट्याने शेपटीकडून धरून पेटीत सोडलेला असतो. बॉल पायथनच्या ओठांवर खाचा असतात. त्या खाचांना उष्णता जाणवते, म्हणून थंड उंदराकडे तो ढुंकूनही पाहत नाही. जीभ दोनतीनदा बाहेर येते, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे मुडपते, आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच उंदीर वेटोळ्यांत गेलेला असतो. त्या विळख्याने भक्ष्य गुदमरते असे आपण शाळेपासून ऐकत आलो. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजात स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोआवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निराळेच दिसले: विळखा पडताच काही सेकंदांत उंदराचा रक्तदाब निम्म्यावर येतो, रक्ताभिसरण थांबते, आणि श्वास कोंडण्यापूर्वीच काम संपते. त्याआधी त्याच गटाने दाखवले होते की बोआला भक्ष्याच्या हृदयाची धडधड जाणवते आणि ती थांबली की तो विळखा सैल करतो. मग साप उंदराचे डोके शोधतो. खालच्या जबड्याचे दोन भाग एकमेकांना हाडाने जोडलेले नसतात, मध्ये ताणले जाणारे मऊ ऊतक असते. आधी डावीकडचे दात पुढे सरकतात, मग उजवीकडचे, असे करत तोंड भक्ष्यावर चालत जाते. श्वासनळीचे तोंड जिभेच्या तळाशी पुढे आलेले असते, म्हणून गिळतानाही श्वास चालू राहतो. सगळे पोटात गेल्यावर साप दोनतीन वेळा मोठी जांभई देतो आणि जबडा पुन्हा जागेवर बसवतो. हे सगळे पाहणाऱ्याला वाटते की किती हावरटपणे खाल्ले याने. पुढच्या आठवड्यात चिमटा दिसताच तो पुन्हा झेप घेतो, आणि पाळणाऱ्याची खात्री पटते की हा उपाशीच असणार.

ही झेप भुकेचा पुरावा नाही. ती संधीला दिलेली प्रतिक्रिया आहे. ज्या प्राण्याच्या पूर्वजांना पुढचे भक्ष्य कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्याच्यात समोर आलेले भक्ष्य नाकारण्याची प्रवृत्ती टिकणेच अवघड होते. म्हणून पोट भरलेले असूनही तो पुन्हा घेतो. याचे उलटे रूपही दिसते. पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनचे नर प्रजननाच्या काळात महिनोन् महिने अन्न नाकारतात, थंडीच्या दिवसांत माद्याही नाकारतात, आणि घरात पाळलेला साप पेटीचे तापमान कितीही सांभाळले तरी हा काळ विसरत नाही. पाळणारा मात्र घाबरतो, जिवंत उंदीर आणून सोडतो, आणि घाबरलेला उंदीर सापाच्या पाठीचा चावा घेतो. खाण्यात मन नसलेल्या सापाच्या पाठीवर उंदराच्या दातांच्या खोल जखमा होणे, ही पशुवैद्यांना चांगली ओळखीची बाब आहे. पुण्याच्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत खाली येते. गरम जागा नसलेल्या पेटीत पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडतो, आणि दोन-चार दिवसांनी साप तो उलटून टाकतो. पाळणाऱ्याला वाटते पोट रिकामे झाले, तो लगेच दुसरा उंदीर देतो. जठराचे आम्ल आणि आतड्याचे आवरण अजून सावरलेले नसते, म्हणून दुसरी उलटी होते. दोन्ही वेळा हेतू चांगला असतो. ज्या प्राण्याला तीन आठवडे थांबणे सहज शक्य आहे, त्याच्या बाबतीत माणसाला तीन दिवस थांबवत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. जंगलात साप उपाशी राहतो म्हणून घरातही ठेवावा, हे तर्कशास्त्र क्रूर आहे, असे त्याचे रूप. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या फॉग डॅम परिसरात थॉमस मॅडसन आणि रिक शाइन यांनी पाणअजगरांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. तिथे हे अजगर एका रानउंदरावर जगतात, आणि उंदरांची संख्या पावसाप्रमाणे वरखाली होते. २००० साली त्यांनी दाखवले की ज्या वर्षी उंदीर मुबलक होते त्या वर्षी अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले पहिल्या वर्षी झपाट्याने वाढली, आणि पुढेही, मोठेपणी अन्न कमी मिळाले तरी, इतरांपेक्षा जास्त वाढत राहिली. बालपणीचा सुकाळ आयुष्यभर पुरतो असा त्याचा अर्थ. मग आपल्या पिल्लाला तो सुकाळ का देऊ नये? शिवाय तिथेच २००७ च्या महापुरांनंतर उंदीर जवळजवळ नाहीसे झाले आणि अजगर हाडकुळे होऊन मेले. निसर्ग आदर्श नाही, हे तेवढ्यानेच सिद्ध होते.

निसर्ग आदर्श आहे असे मी म्हणत नाही. पण त्या अभ्यासातून पाळणाऱ्याला जो निष्कर्ष हवा असतो तो निघत नाही. एक तर फॉग डॅमचा सुकाळ हा शिकारीचा सुकाळ होता. पिल्लाला त्यासाठी सरपटावे लागत होते, झेप चुकत होती, पावसाळ्यात उंदीर उंचावर गेले की त्यांच्यामागे जावे लागत होते. मिळालेली ऊर्जा आणि खर्चलेली ऊर्जा यांचा तोल होता. पेटीत खर्चाची बाजूच नाही. दुसरे म्हणजे त्या अभ्यासात मोजली गेली ती वाढ, आरोग्य नव्हे. मोठी झालेली माणसे अधिक निरोगी असतात असे आपण आपल्या मुलांच्या बाबतीतही आता म्हणत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बालपणच्या अन्नाचा परिणाम आयुष्यभर टिकतो हे खरे असेल, तर पिल्लाच्या पहिल्या वर्षात पाळणारा जे करतो ते नंतर दुरुस्त करता येत नाही. हा पुरावा उदार हाताच्या बाजूने वापरला जातो, पण खरे तर तो पाळणाऱ्यावरची जबाबदारी वाढवतो. पिल्लाला दर आठवड्याला शरीराच्या जाडीएवढे भक्ष्य देणे योग्य आहे, वाढत्या वयात अंतर वाढवत न्यावे, पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला तीन-चार आठवड्यांनी आणि मोठ्या बोआला त्याहूनही उशिरा द्यावे, हे अनुभवी पाळणाऱ्यांमध्ये आता बरेचसे मान्य झाले आहे. अडचण अशी की बाजाराला ते मान्य नाही.

बॉल पायथनची मादी साधारण दीड किलोची झाली की प्रजननाला घेता येते. सावकाश खाऊ घातले तर त्याला तीन किंवा अधिक वर्षे लागतात. दर चार-पाच दिवसांनी खाऊ घालून, तापमान चढे ठेवून ती दोन वर्षांच्या आत त्या वजनाला आणता येते, आणि रंगांच्या नवनव्या जाती विकणाऱ्याला एक वर्ष वाचणे म्हणजे पैसा वाचणे. अशा सापाचे शरीर हातात घेतल्यावर कळते. निरोगी अजगराच्या पाठीचा कणा किंचित उंचावलेला जाणवतो, बाजू उतरत्या असतात, शरीर घट्ट लागते. जादा खाल्लेल्याची पाठ सपाट होते, मध्ये कण्याच्या जागी खळगी पडते, वेटोळे घातले की खवल्यांमधली कातडी उघडी दिसते, शेपूट जिथून सुरू होते तिथे शरीर एकदम अरुंद होऊन चरबीच्या घड्या पडतात. आत यकृतात चरबी साठते, पोटाच्या पोकळीत चरबीच्या लडी अवयवांना रेटतात, मादीची अंडी अडकतात. शिवाय खाण्याचा प्रकारही एकसुरी असतो. आग्नेय नायजेरियात लुका लुइसेली आणि फ्रांचेस्को आंजेलिची यांनी जंगलातल्या बॉल पायथनची पोटे तपासली, तेव्हा लहान अजगर आणि बरेचसे नर झाडांवर चढून पक्षी खात असल्याचे दिसले, आणि मोठ्या माद्या जमिनीवर उंदीर खात होत्या. घरातला नर आयुष्यभर झाडावर चढत नाही आणि पैदाशीच्या केंद्रातला चरबीदार पांढरा उंदीरच खातो.

याच्या उलट टोकाला जाणारेही असतात, आणि माझ्या म्हणण्याचा आधार त्यांनी घेऊ नये म्हणून हे बोलतो. साप पेटीएवढाच वाढतो, लहान पेटीत ठेवला आणि कमी खाऊ घातला की तो लहानच राहतो, अशी समजूत पसरलेली आहे. पहिला भाग निखालस खोटा आहे. पेटीचा आकार सापाच्या हाडांना कळत नाही. दुसरा भाग अर्धसत्य आहे. अन्न कमी पडले तर वाढ मंदावते, पण मॅक्यू यांचा प्रयोग सांगतो की ती थांबत नाही. साप स्वतःला खाऊन लांब होत राहतो. आणि लहान राहणे हे केवळ अन्नावर अवलंबूनही नाही. बेलीझच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरचे बोआ मुख्य भूमीवरच्या बोआंपेक्षा बरेच लहान असतात. त्यांची पिल्ले प्रयोगशाळेत सारख्या परिस्थितीत वाढवली, तेव्हा अन्नाचा परिणाम दिसला, आणि वंशाने आलेला फरकही दिसला. इंडोनेशियातल्या जाम्पेया आणि कालाओतोआ या छोट्या बेटांवरचे जाळीदार अजगरही असेच आखूड असतात. ज्याला लहान साप हवा, त्याने लहान राहणाऱ्या जातीचा आणि वंशाचा साप निवडावा. मोठ्या जातीला उपाशी ठेवून लहान करणे हा छळ आहे.

मोठ्या जातीला भरपूर खाऊ घालून मोठे करण्याचा परिणाम घराबाहेर काय होतो, हे फ्लोरिडाने दाखवले. १९९६ ते २००६ या काळात अमेरिकेत सुमारे ९९ हजार बर्मी अजगर आयात झाले. अंड्यातून निघालेले पिल्लू अर्ध्या मीटरहून थोडे लांब असते आणि हातावर मावते. भरपूर खाऊ घातले तर दोन वर्षांत ते तीन मीटरच्या आसपास पोचते, मग त्याला उंदीर पुरत नाहीत, ससे लागतात, आणि घरात जागा राहत नाही. काही सुटले, काही सोडून दिले गेले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात सापांचे एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाले, त्याचाही वाटा मानला जातो. २००० सालापर्यंत एव्हरग्लेड्समध्ये ते स्वतःच्या बळावर पैदास करत असल्याचे मान्य झाले. मायकेल डॉर्कस आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली रस्त्यांवरून केलेल्या गणतीची तुलना छापली. अजगर पसरण्यापूर्वीच्या तुलनेत रॅकून ९९.३ टक्क्यांनी कमी दिसले, ओपोसम ९८.९ टक्क्यांनी, बॉबकॅट ८७.५ टक्क्यांनी. त्याच वर्षी अमेरिकेने बर्मी अजगर आणि आणखी तीन जातींच्या आयातीवर बंदी घातली, २०१५ मध्ये जाळीदार अजगर आणि हिरव्या अॅनाकोंडासह आणखी चार जातींवर. मेक्सिकोचे कोसुमेल आणि कॅरिबियन समुद्रातले अरूबा या बेटांवर बोआ असेच माणसाच्या हाताने पोचले आणि तिथल्या पक्ष्यांवर पोसले गेले. त्यावर काहींचे म्हणणे असे की दोष पाळण्याचा नाही, सोडून देण्याचा आहे. मला हे वेगळे करणे पटत नाही. साप सोडून देण्याची वेळ दोन वर्षांत यावी की दहा वर्षांत, हे चिमटा धरणारा हात ठरवतो, आणि ज्या घाईने पिल्लू वाढवले त्याच घाईने ते नको होते.

आपल्याकडे वजनाच्या या वेडाचे एक स्थानिक रूप आहे, आणि ते अधिक दुःखद आहे. मांडूळ हा बोआंच्याच नात्यातला, बिनविषारी, बहुतेक वेळ मातीत राहणारा साप, लांबी फार तर मीटरभर. त्याच्या अंगी गुप्तधन शोधण्याची किंवा रोग बरे करण्याची शक्ती आहे या अंधश्रद्धेतून महाराष्ट्रात त्याची तस्करी चालते, आणि बाजारात त्याचा भाव वजनावर बोलला जातो. जितका जड तितका महाग. शेतातले उंदीर खाणारा हा लाजाळू प्राणी पोत्यात कोंबून गावोगाव फिरवला जातो. त्याला पकडणारा आणि बेबीच्या वजनाची पाटी लावणारा यांच्यात पैशाचा आणि कायद्याचा फरक मोठा असेल, पण दोघेही सापाकडे पाहतात ते काट्यावरून.

शेवटचा आक्षेप सर्वांत सरळ आहे: मग पाळूच नका. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परदेशी जातींच्या बाबतीत कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी, आणि त्यांचे जन्म, मृत्यू, हस्तांतर यांची खबर देणे बंधनकारक केले. सरसकट बंदी ही सोपी मागणी आहे. मी ती करत नाही, कारण जे साप आज घराघरांत आहेत ते बंदीने नाहीसे होणार नाहीत, ते लपवले जातील, आणि लपवलेल्या सापावर पशुवैद्याचा उपचार होत नाही. माझी मागणी लहान आणि ठोस आहे. नोंदणीत प्राणी जन्मला आणि मेला एवढेच कळते. तो केवढा होणार आणि किती जगणार हे विकत घेणाऱ्याला कोणी लिहून देत नाही. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथनच्या मादीने जुलै २०२० मध्ये, वयाच्या किमान ६२ व्या वर्षी, सात अंडी घातली. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने आज घेतलेले पिल्लू त्याच्या म्हातारपणापर्यंत जगू शकते. विक्रीच्या पावतीवर जातीचे नाव, मोठ्या मादीची आणि नराची अपेक्षित लांबी, अपेक्षित आयुष्य आणि वयाप्रमाणे दोन जेवणांतले अंतर छापणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे, आणि साप सांभाळणे अशक्य झाले तर तो कोणत्या ठिकाणी सोपवायचा हेही त्याच पावतीवर असावे. वन विभागाने आणि प्राणिसंग्रहालयांनी अशी ठिकाणे निश्चित केली, तर येत्या पावसाळ्याच्या आत हे काम सुरू होऊ शकते.